संध्याकाळची गर्दी आणि औषध समजावून सांगायला लागणारा वेळ

कृष्णाकाठ (प्रश्न)

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका फिजिशियन डॉक्टरांचा आणि शेजारी एका बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना असल्यामुळे दिवसभर गिऱ्हाईक तुरळक असते, संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मात्र काउंटरपुढे उभे राहायला जागा उरत नाही. नोंदणीकृत फार्मासिस्ट मी एकटाच आहे. हाताखाली दोन मुले आहेत. त्यांतला एक चिठ्ठी वाचून औषधे काढण्यात चांगला तयार झाला आहे आणि दुसरा बिल करतो व गल्ला सांभाळतो.

अडचण अशी आहे की, एखाद्या रुग्णाला मी गोळ्या कशा घ्यायच्या हे नीट सांगू लागलो की मागून ‘अहो, माझी एकच स्ट्रिप आहे, तेवढी देऊन टाका’ असा तगादा सुरू होतो, आणि दोघे-तिघे तरी चौकातल्या नव्या दुकानाकडे वळतात, जिथे बिलावर सूटही मिळते. उलट भराभर पिशव्या हातात दिल्या की रात्री दुकान बंद करताना फोन येऊ लागतात. दुपारची गोळी यातली कोणती, जेवणाआधी की जेवणानंतर, पांढऱ्या दोन गोळ्यांपैकी रक्तदाबाची कोणती, हे सगळे तेव्हा फोनवर सांगत बसावे लागते, आणि समोर स्ट्रिप नसताना ते सांगणे अधिक जोखमीचे असते. नुकतेच एक आजोबा आले होते. दमा कमी होत नाही अशी त्यांची तक्रार होती. औषध त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणाहून घेतले होते. चौकशी केल्यावर कळले की यंत्रात घालून श्वासावाटे ओढायची कॅप्सूल ते सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गिळत होते. सोबतचे यंत्र खोक्यातून बाहेरही काढलेले नव्हते.

२०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमावलीत रुग्णाला औषधाविषयी समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे काम म्हणूनच नमूद केलेले आहे, त्यामुळे ‘वेळ असेल तर सांगू’ ही भूमिका मला घेता येत नाही आणि घ्यायचीही नाही. परंतु त्या दोन तासांत प्रत्येकाला पुरेसा वेळ देणे शक्य नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्यांनी ही तारेवरची कसरत केली आहे, त्यांनी कृपया सांगावे की हे बसवायचे कसे. आणखी एक काउंटर काढून उपयोग होईल का?

जुना_कंपाउंडर

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक दुकानदार या प्रश्नाचा एकच अर्धा भाग विचारतात, तो म्हणजे गर्दी कशी हटवायची. पुण्यात रुग्णालयाच्या आवारातील औषध विभागात आणि नंतर पेठेतल्या दुकानात माझी नोकरी झाली, त्यावरून लिहितो.

काउंटर वाढवण्यापूर्वी एक संध्याकाळ घरातील कुणाला तरी घड्याळ आणि वही देऊन कोपऱ्यात बसवा आणि एका गिऱ्हाइकाचा वेळ नेमका कशात जातो हे लिहून काढायला सांगा. बोलण्यात फार वेळ जातो असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात तो चिठ्ठीतले अक्षर लावण्यात, औषध शिडीवर चढून शोधण्यात, ‘हे नाही, दुसऱ्या कंपनीचे चालेल का’ हे वर दवाखान्यात विचारून येण्यात, पंधराच्या स्ट्रिपमधून सहा गोळ्या कापण्यात आणि सुट्ट्या पैशांत जातो. वरच्या दोन डॉक्टरांची नेहमीची औषधे मोजकीच असणार. ती कंपनीनुसार किंवा अक्षरानुसार लावलेल्या मुख्य कपाटातून काढून काउंटरच्या हाताशी एका वेगळ्या फळीवर आणून ठेवा. जे औषध संपले आहे ते संध्याकाळी सहालाच दोन्ही दवाखान्यांत कळवा, म्हणजे ती चिठ्ठी मुळात लिहिलीच जाणार नाही. एवढ्या दोन गोष्टींनी जो वेळ सुटेल तो बोलण्यासाठी वापरा.

आता बोलायचे कुणाशी. सर्वांशी सारखेच बोलायचे, हा आग्रह सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. तापाच्या गोळ्यांची एक स्ट्रिप नेणाऱ्या तरुणाला भाषणाची गरज नाही, त्याला हसून स्ट्रिप द्यावी. पण संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहिलेली चिठ्ठी आली, तर मागे कितीही लोक उभे असोत, तिथे थांबलेच पाहिजे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ती रोज घेतली गेली तर रक्तपेशी घटून रुग्णाच्या जिवावर बेतते. मी त्या पाकिटावर जाड मार्करने वाराचे नाव लिहीत असे आणि ‘कोणत्या वारी घेणार?’ असे रुग्णाकडूनच वदवून घेत असे. इन्सुलिनचेही तसेच आहे. मिलिलिटरमागे ४० युनिटांच्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज आणि १०० युनिटांच्या कुपीला नारिंगी टोपणाची, हे आपल्याला पाठ असते, घरच्यांना नसते. १०० युनिटांचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये सवयीच्या खुणेपर्यंत भरले तर अडीचपट मात्रा शरीरात जाते. श्वासावाटे घ्यायची औषधे, लहान मुलांची पाणी घालून तयार करायची पावडर, थायरॉइडची उपाशीपोटी घ्यायची गोळी आणि तिच्यापासून चार तास दूर ठेवायचे कॅल्शियम किंवा लोह, ही मंडळीही याच यादीतली. अशी पंधरा-वीस औषधांची यादी करून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि मुलाला शिकवा की यातले काही निघाले की पिशवी बंद न करता तुमच्यापुढे ठेवायची. म्हणजे कुणाशी बोलायचे हे तुम्हाला गर्दीत ठरवत बसावे लागणार नाही.

पावडरच्या बाटलीबद्दल एक सांगतो. आईला ‘खुणेपर्यंत पाणी घाला’ एवढेच सांगितले तर ती एकदम पाणी ओतते, वर फेस येतो, फेसालाच पातळी समजून ती थांबते आणि मग औषध घट्ट राहते. आधी कोरडी बाटली आपटून पावडर मोकळी करायची, उकळून गार केलेले अर्धे पाणी घालून हलवायचे, फेस बसू द्यायचा आणि मग खुणेपर्यंत भरायचे. हे सांगायला जितका वेळ लागतो तितक्याच वेळात आईच्या संमतीने काउंटरवर बाटली तयार करून देता येते. तयार केल्याची तारीख बाटलीवर घाला, कारण अशी बहुतेक औषधे त्यानंतर सात दिवसच वापरायची असतात.

रांगेचा_हिशेब

मी औषध व्यवसायातला नाही, कारखान्यातील उत्पादन नियोजनाचे काम करतो. पण आपल्या प्रश्नाचा एक भाग शुद्ध गणिताचा आहे, आणि त्या गणिताचा निकाल अंदाजापेक्षा इतका वेगळा येतो की तो इथे मांडावासा वाटतो. टेलिफोनच्या कॉलची रांग कशी वाढते याचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांनी १९०९ पासून मांडायला सुरुवात केली, आणि तेच गणित काउंटरलाही लागू पडते.

समजा तासाला ३० गिऱ्हाइके आगेमागे, कशीही येतात आणि सगळे काम एकच माणूस करतो. प्रत्येकाला सरासरी दीड मिनिट लागत असेल, तर गिऱ्हाईक दुकानात पाऊल ठेवल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी ६ मिनिटे जातात आणि कोणत्याही क्षणी दुकानात साधारण ३ माणसे असतात. आता प्रत्येकाला फक्त १८ सेकंद जास्त द्या. तोच काळ १८ मिनिटांवर जातो आणि दुकानात ९ माणसे दिसू लागतात. सरासरी दोन मिनिटांवर नेली, तर हिशेबाप्रमाणे रांग कधी स्थिरच होत नाही, ती वाढतच राहते. म्हणूनच ‘मी तर दोनच वाक्ये जास्त बोललो, एवढी गर्दी कशी झाली?’ असे आपल्याला वाटत असणार. काम क्षमतेच्या काठावर आलेले असताना प्रत्येकी थोडा वेळ वाढवणे सर्वांत महाग पडते.

यातून ‘बोलू नका’ असा निष्कर्ष निघत नाही. चिठ्ठी घेणे, औषध काढणे, कापणे, बिल आणि पैसे ही कामे दोन्ही मुलांकडे सोपवली आणि आपण स्वतः फक्त दोनच गोष्टी केल्या, म्हणजे प्रत्येक पिशवी चिठ्ठीशी ताडून पाहण्यासाठी २० सेकंद आणि पाचांतल्या एकाशी ३ मिनिटांचे बोलणे, तर तासातल्या ३० जणांसाठी आपली १० आणि १८ अशी मिळून २८ मिनिटे खर्ची पडतात. तासाचा निम्माही वेळ जात नाही. तोच फार्मासिस्ट शिडीवर चढत असेल आणि सुट्टे पैसे मोजत असेल, तर त्याला बोलायला वेळ मिळणार नाही हे उघड आहे.

आणखी एका काउंटरबद्दल विचारले आहे. दोन्ही काउंटरांवरची माणसे सर्व कामे करू शकत असतील, तर दोन वेगळ्या रांगांपेक्षा एकच रांग करून जो मोकळा होईल त्याच्याकडे पुढचा माणूस पाठवणे केव्हाही चांगले. पण आपल्याकडे फार्मासिस्ट एकच आहे, म्हणून दुसरा काउंटर काढला तरी अडणार ते आपल्याजवळच. त्यापेक्षा काउंटरच्या एका टोकाला बोलण्याची वेगळी जागा करा. ज्याच्याशी बोलायचे आहे तो बिल झाल्यावर तिकडे सरकेल आणि मधली जागा मोकळी राहील. बोलणे चालू असताना मुलाने मध्येच दोन पिशव्या तपासायला पुढे केल्या तर त्या तपासून पुन्हा बोलायला लागावे, म्हणजे मागची रांग तुंबणार नाही.

जुना_कंपाउंडर

वरील हिशेब पटला, शेवटचे वाक्य सोडून. इन्सुलिनची मात्रा समजावून सांगताना मध्येच दुसऱ्याची पिशवी तपासायची, आणि मग ‘हां, काय सांगत होतो’ म्हणून परत यायचे, या प्रकाराने दोन्हीकडे चूक होते. नावे सारखी वाटणारी औषधे, उदाहरणार्थ खाजेसाठी दिले जाणारे हायड्रॉक्सिझिन आणि रक्तदाबासाठीचे हायड्रॅलाझिन, नेमकी अशाच अर्धवट लक्षात निसटतात. कारखान्यात सुटा भाग चुकला तर तो बाजूला काढता येतो. इथे तीन मिनिटे लोक थांबले तरी चालतील. फक्त त्यांच्या पिशव्या तयार आणि बिले झालेली असली पाहिजेत, आणि मुलाने ‘सर बोलताहेत, दोन मिनिटांत तुमचे होते’ असे मोठ्याने सांगितले पाहिजे. किती थांबायचे हे कळले की माणूस सहसा चौकातल्या दुकानाकडे जात नाही.

मधली_आळी

मी काउंटरच्या बाहेरच्या बाजूने लिहिते. सासूबाईंची आणि सासऱ्यांची मिळून दर महिन्याची अकरा औषधे आणण्याचे काम माझ्याकडे आहे. वर ‘यादीतले औषध असेल त्याच्याशी बोला’ असा जो सूर आहे, त्यात एक मोठी फट राहते. आम्ही जुने गिऱ्हाईक म्हणून दुकानातला मुलगा न विचारता मागच्याच बिलावरून पिशवी भरतो. वेळ वाचतो आणि आम्हालाही ते सोयीचे वाटते. मात्र एकदा नेहमीच्या कंपनीची रक्तदाबाची गोळी नव्हती म्हणून त्याने त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची दिली. औषध बरोबरच होते. पण सासूबाई गोळ्या नावाने नव्हे, रंगाने ओळखतात. गुलाबी गोळी दिसली नाही म्हणून घरात शिल्लक असलेली जुनी गुलाबी त्यांनी चालू ठेवली, आणि ही नवी पांढरी म्हणजे डॉक्टरांनी वाढवलेली गोळी असे समजून तीही सुरू केली. चक्कर येऊ लागल्यावर उलगडा झाला.

म्हणून माझी विनंती आहे की, जुन्या गिऱ्हाइकालाही ‘मागच्या महिन्यापेक्षा काही बदल आहे का?’ हा एक प्रश्न विचारावा, आणि बदल दुकानाने केला असेल तर तो पिशवीवर लिहावा, कारण औषध नेणारी आणि औषध घेणारी व्यक्ती बहुतेक घरांत वेगळी असते. मला काउंटरवर सांगितलेले सासूबाईंपर्यंत पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे गळते. पिशवीवर लिहिलेले तेवढे टिकते, आणि वाचता येत नसेल त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढले तरी पुरे होते.

दुसरे थोडे नाजूक आहे. गर्दीत ‘ही गोळी कशासाठी चालू आहे?’ असे मोठ्याने विचारले की बायका ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढेच म्हणून पिशवी उचलतात. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या औषधांच्या बाबतीत पुरुषही तेच करतात. गावात तर मागे उभा असलेला माणूस ओळखीचाच असतो. वर सुचवलेली कडेची जागा त्यासाठी फार उपयोगी पडेल.

हिशेबी_माणूस

सगळ्या सूचना चांगल्या आहेत, पण गल्ल्याकडेही पाहिले पाहिजे. किंमत नियंत्रणाखालील औषधांवर किरकोळ विक्रेत्याला मिळणाऱ्या नफ्याचे प्रमाण १६ टक्के धरलेले आहे, त्यातून भाडे, पगार, वीज, मुदत संपलेला माल आणि आता चौकातल्या दुकानाशी स्पर्धेची सूट, हे सगळे भागवायचे. संध्याकाळच्या दोन तासांसाठी दुसरा फार्मासिस्ट ठेवणे तालुक्याच्या गावी परवडत नाही, तेव्हा त्या दोन तासांतली गर्दीच कमी करणे हा मला खरा उपाय वाटतो.

रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइड यांची महिन्याची औषधे नेणाऱ्यांना सात वाजताच येण्याचे काही कारण नसते, ते सवयीने येतात. त्यांच्याकडून चालू चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर आदल्या दिवशी मागवा, पिशवी भरून, नाव लिहून ठेवा आणि दुपारी अकरा ते पाचमध्ये केव्हाही न्यायला सांगा. मूळ चिठ्ठी नेताना पाहायचीच आहे. माझ्या दुकानात हे सुरू केल्यावर सुरुवातीला लोक कुरकुरले, कारण पूर्वी संध्याकाळी चक्कर मारणे हा त्यांचा विरंगुळा होता. पण दुपारी खुर्चीवर बसून पाच मिनिटे बोलता येते हे कळल्यावर म्हातारी माणसे आपणहून त्या वेळी येऊ लागली. त्या बोलण्यातच मला समजले की दोन घरे मधुमेहाच्या गोळ्या महाग पडतात म्हणून एकाआड एक दिवस घेत आहेत. अशांना डॉक्टरांच्या संमतीने स्वस्त जेनेरिक देता येते. संध्याकाळच्या रांगेत हे कुणी कधीच सांगितले नसते.

सवलतीच्या स्पर्धेबद्दल एवढेच म्हणेन की, सवलतीसाठी जाणारे गिऱ्हाईक आपण कितीही भराभर पिशव्या दिल्या तरी जाणारच आहे. त्याच्या मागे लागून बोलण्याचा वेळ कापू नका.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कडेची जागा आणि यादी या दोन्ही गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. वजनाचा काटा ठेवला आहे तो कोपरा त्यासाठी मोकळा करतो. दुपारच्या पिशव्यांची कल्पनाही पटली, मात्र आमच्याकडे वाडीवस्तीवरचे बरेच जण एसटीने डॉक्टरांकडे येतात तेव्हाच महिन्याचे औषध नेतात, त्यांना दुपारी परत या असे सांगता येणार नाही. त्यांच्या पिशव्या ते वर नंबर लावून बसलेले असतानाच भरून ठेवता येतील का, हे डॉक्टरांच्या मदतनिसाशी बोलून पाहतो.

एक शंका उरते. एच-वन यादीतील, म्हणजे ज्यांच्या प्रत्येक विक्रीची नोंद कायद्याने ठेवावी लागते अशा औषधांची वेगळ्या वहीत नोंद करण्यात माझी बरीच मिनिटे जातात. सेफिक्झिम हे प्रतिजैविक आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या अनेक चिठ्ठ्यांत असते, आणि चिंता कमी करण्यासाठीचे अल्प्राझोलामही येते. ही नोंद रात्री दुकान बंद केल्यावर एकदम केली तर चालेल का?

जुना_कंपाउंडर

नाही. नोंद औषध देतानाच करायची आहे, आणि वही तीन वर्षे जपून ठेवायची आहे; रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत एखादी तरी राहते आणि तपासणीत नेमकी तीच सापडते. पण ती तुमच्याच हाताने लिहिली पाहिजे असे नाही. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि संख्या एवढेच रकाने आहेत. तुमच्याकडे दोनच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मुख्यतः येतात, तेव्हा त्यांचे नाव-पत्त्याचे शिक्के करून घ्या. बिल करणाऱ्या मुलाने शिक्का मारून उरलेले तीन रकाने भरायचे आणि वही उघडी ठेवून पिशवीबरोबर तुमच्यापुढे सरकवायची. तुम्ही पिशवी ताडता त्याच नजरेने नोंद ताडून सही करायची. सेफिक्झिमची बाटली असेल तर वहीचे काम चालू असताना तुम्ही ती पाणी घालून तयार करायला घेऊ शकता, आणि फेस बसेपर्यंतच्या वेळात आईला चमच्याऐवजी झाकणाच्या मापाने किती द्यायचे ते दाखवून होते.